बशीत मेलेला विषाणू

मसाल्यांचे अर्क काढायच्या कारखान्यात मी आयुष्य घालवलं असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सुगंधी भाव येतो. वेलदोडा, केशर, जायफळ, वगैरे. या अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला तेव्हा त्यांच्या आवाजातही तो आला होता. म्हणून आधीच खुलासा करतो. मी सुगंधी नव्हतो, पिवळा होतो. वेलदोड्याचा विभाग पहिल्या मजल्यावर होता, तिथं गोरीगोमटी, इस्त्रीची माणसं असत. मी तळमजल्यावर, हळदीत.

काम काय, ते सोप्या भाषेत सांगतो. हळदीची कांडी दळायची. त्या पुडीवर द्रावक सोडायचं, म्हणजे दिसायला पाणी पण पाणी नव्हे, हळदीतला रंग ओढून घेणारं काहीतरी. मग ते द्रावक वाफेवर उडवून परत पकडायचं. पकडायचं अशासाठी की ते महाग असतं, आणि सुटलं आणि पेटलं तर त्याच्याबरोबर कारखानाही सुटतो. मागं उरतो तांबडाकाळा चिकट राडा. तो निवत ठेवला की तळाशी नारिंगी-पिवळे स्फटिक बसतात. त्यांना कर्क्युमिन म्हणतात. पोतंभर हळदीतून ओंजळभर निघतं. हळदीचं हळदपण सगळं त्या ओंजळीत.

आणि आमच्या अंगावर. पावणे गावातल्या आमच्या कारखान्यातली मांजर जन्माला पांढरी आली होती, असं जुने लोक सांगत. मी तिला पाहिलं ते पिवळीच. सानपाड्याला आमच्या सोसायटीत लिफ्टचं बटण पिवळं दिसलं की सेक्रेटरी दुसऱ्या कुणाकडे जातच नसत, थेट माझी बेल वाजवत. घरात माझी उशी वेगळी, टॉवेल वेगळा, खुर्ची वेगळी. लग्नाच्या पहिल्या वर्षी शेजारणी आमच्या हिला म्हणायच्या, "अगंबाई, यांची हळद अजून उतरली नाही वाटतं!" ही लाजायची. पुढं पुढं तीच दारात उभी राहून म्हणायला लागली, "आत येण्याआधी हात वर करा. वर. कशालाही लावू नका."

आमच्या विभागात अर्काच्या टाक्यांवर बाळाराम भोईर होता. आम्ही बाळादादा म्हणायचो. तो तिथल्याच खाडीकाठच्या गावातला, आगरी. कारखान्याची जागा म्हणजे एके काळची त्याच्या आजाची भातशेती. गावात त्याच्या दोन इमारती, भाडेकरूंमध्ये आमचाच अकाउंटंट. गळ्यात जाड साखळी घालून तो टाकीवर चढायचा. नोकरीची गरज शून्य. "घरान बसून कराचं काय, सायेब? बायको लसून सोलाला बसवते," हे त्याचं कारण. मला 'साहेब' म्हणे, पण अरेतुरेत. त्याच्या बोलीत देवालाही अरेतुरेच, तेव्हा मी मनाला लावून घेतलं नाही.

आता तो डॉक्टरांचा किस्सा सांगतो, कारण पुढं त्यातूनच सगळं निघालं. दरवर्षी कामगारांची तपासणी व्हायची. एका वर्षी नवेकोरे डॉक्टर आले. पांढरा कोट, खिशाला पेन. त्यांनी आमच्या विभागाचे हात बघितले, नखं बघितली, आणि ओळीनं सगळ्यांना कावीळ लिहायला सुरुवात केली. मी विभागाचा केमिस्ट. म्हटलं आपण या तरुणाला शास्त्र समजावून सांगू. साबणाची वडी घेतली, तळहातावर घासली. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे लुगड्यावर डाग पाडलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. डॉक्टरांना नव्हतं. त्यांनी माझा लाल हात बघितला आणि कावीळ खोडून रक्तस्राव लिहायला घेतलं. "अहो, घाबरू नका," म्हणून मी धीर द्यायला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कोटावर पाच लाल बोटं उमटली. डॉक्टर चहा न घेता गेले. ते परत आले नाहीत.

पण मी त्या दिवशी विभागात भाषण ठोकलं. म्हटलं, आजपासून नियम लक्षात ठेवा. कुणी पिवळा दिसला तर घाबरायचं नाही. साबण लावायचा. लाल झाला तर हळद आहे, कामाला लागा. टाळ्या पडल्या. साधं खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघावा, हे काही मला सुचलं नाही. साबणात जी मजा होती ती पापणीत कुठली?

असो. मग ती मोठी साथ आली आणि गेली, आणि जाताना माणसांच्या मनात खोकल्याची भीती ठेवून गेली. एक दिवस मालकांनी, हिरजीशेठनी, मला वाशीच्या मसाला मार्केटातल्या गाळ्यावर बोलावलं. हिरजीशेठ कच्छी. सफेद सफारी घालत आणि ती सफेदच ठेवत, हे मला आयुष्यात न सुटलेलं कोडं आहे. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "जाधव, हे वाच. हळद वायरसला रोखते. आपण काय बनवतो?"

"हळदीचा अर्क."

"आणि विकतो कशाला? लोणच्याच्या रंगाला! आइस्क्रीमच्या रंगाला! अरे शरम नाय वाटत तुला?"

मला वाटायला लागली. खरं तर त्या बातमीत तथ्य होतं. फ्लूसारख्या श्वासाच्या रोगांचा विषाणू आधी आपल्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो, मग आत शिरतो. कर्क्युमिन त्याला नीट चिकटूच देत नाही, असं प्रयोगशाळांमधून दिसलं होतं. माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण, सरिता, विषाणूंवरच काम करायची. तिच्या प्रयोगशाळेत आमचा नमुना धाडला. ती काय करते, तेही सांगतो. प्लास्टिकच्या छोट्या बशीत जिवंत पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर विषाणू सोडायचा, मग औषध घालायचं आणि कोण मरतं ते बघायचं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "विलास, तुझ्या हळदीनं बशीतला विषाणू चांगलाच रोखला रे."

यापुढंही ती बोलत होती. मला एवढंच आठवतं की मी फोन कानाला लावूनच टाक्यांपाशी धावलो आणि ओरडलो, "मेला! विषाणू मेला!" बाळादादानं टाकीवरूनच विचारलं, "कोनाचा?"

संध्याकाळी शांतपणे परत फोन केला तेव्हा उरलेलं ऐकलं. सरिता म्हणाली, "अरे, बशीला पोट नसतं. लिव्हर नसतं. माणसानं हळद खाल्ली की त्यातली जेमतेम कणभर रक्तात जाते. बाकीची शरीर बाहेर काढून टाकतं. आणि बशीत मी जेवढं घातलं तेवढं रक्तात गेलं तर विषाणूच्या आधी आपल्याच पेशी कुरकुरतील. हे सगळं अजून लांबचं आहे."

आता माझी बुद्धी बघा. मी विचार केला, बाहेर काढून टाकतं कोण? तर लिव्हर. म्हणजे सोसायटीचा वॉचमन. हळद गेटवर आली की तो विचारतो, कुणाकडे जायचंय? नाव काय? आणि परत पाठवतो. मग वॉचमनलाच डुलकी लागली तर? आणि डुलकी लावणारी वस्तू आमच्याच कारखान्यात पहिल्या मजल्यावर होती. मिरीतलं तिखट तत्त्व, पायपरिन. ते दिलं की लिव्हर जरा ढिलं पडतं आणि हळद रक्तात कितीतरी जास्त जाते. हा शोध जगात आधीच लागला होता, पण पावण्यात मीच लावला.

सरिता म्हणाली, "वॉचमन झोपल्यावर हळदीबरोबर आणखी कोण आत शिरेल याचा विचार केलायस? रोज किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, माणसांवर बघितलंय कुणी?"

मी म्हटलं, "हॅलो... हॅलो... रेंज नाहीये गं इथं," आणि फोन ठेवला. मी सानपाडा स्टेशनच्या बाहेर, मोबाइल टॉवरच्या बरोबर खाली उभा होतो.

शेजारच्या एका गाळ्याकडे खाद्यपूरकांचा परवाना होता. त्यांच्याकडून कॅप्सूल भरून घेतल्या. शेठनी नाव ठेवलं 'हळदवीर'. बाटलीवर ढाल-तलवार घेतलेलं हळकुंड. बाजारात काढण्याआधी स्टाफला फुकट वाटल्या. मी पण घेतल्या. दिवसभर मिरीचे ढेकर यायचे, आणि प्रत्येक ढेकराला मला वाटायचं, गेला एक विषाणू.

सगळ्यात मनापासून कुणी घेतल्या असतील तर बाळादादानं. त्याला कारण होतं. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न साथीच्या दिवसांत झालं. घरच्या मोजक्या माणसांत. नेमका त्या आठवड्यात दादा तापानं फणफणला. त्याला माडीवरच्या खोलीत कोंडलं, आणि खाली अंगणात स्वतःच्या पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना त्यानं मोबाइलवर बघितल्या. त्यातही मधेच बॅटरी गेली. आता धाकटीचं, रूपालीचं लग्न ठरलं होतं. सगळीकडे खोकल्याची साथ. दादा मला म्हणाला, "सायेब, ह्या टायमाला मना खोकला नाय पायजे. एक शिंक पन नाय पायजे. हजार मानूस येल, कोन खोकल, कोन नाक पुसल न् हातान हात देल. मी पोरीचा हात माज्या हातान देनार."

"मग ही घे," मी म्हटलं. "विषाणू जवळसुद्धा फिरकणार नाही."

"एक घेव का दोन?"

"दोन घेतल्यास तर दुप्पट लांब राहील." मी विनोद केला होता. त्यानं तो औषधासारखा घेतला.

मधल्या काळात पुण्याची एक पार्टी आमची गोळी विकायला घ्यायला तयार झाली. पार्टी म्हणजे एक सडपातळ गृहस्थ, कानात फोनची बोंडं अडकवलेले. मसाला मार्केटात शेठच्या गाळ्यावर बैठक. मी ढाल-तलवार पुढं ठेवून सांगत होतो, "मी स्वतः ही रोज घेतो. तेव्हापासून मला साधी शिंकसुद्धा..." आणि नाकात काहीतरी हुळहुळलं. पहिली शिंक मी गिळली. दुसरी पार्टीच्या चहात. मग ओळीनं, थांबायचं नावच नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, घशात खवखव. अस्सल सर्दी, कुठल्याही बशीत न मेलेली.

शेठ हसत हसत म्हणाले, "साहेब, मसाला मार्केट आहे हे. मिरचीची पोती आलीत. इथं देव पण शिंकतो." आणि लगेच, "जाधवला सोडा. आमचा बाळाराम बघा! दोन महिने झाले, खोकला नाय, ताप नाय. शनिवारी त्याच्या पोरीची हळद आहे, गावात. तुम्ही याच. प्रत्यक्ष माणूस बघा."

त्या दिवसांत प्रत्यक्ष माणूस पिवळा दिसत होता. पण आमच्यात पिवळा कोण दिसत नव्हता? कारखान्यात सगळे त्याला चिडवायचे, "दादा, नवरीच्या आधी तुम्हालाच हळद लागली की!" तो पण हसायचा. थोडा थकलेला वाटायचा. म्हटलं, लग्नघर आहे.

शनिवारी संध्याकाळी मी गावात गेलो. आगऱ्यांची हळद ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी बघितली त्यांना अजून नीट ऐकू येत नसेल. गल्लीभर मांडव. बेंजो पार्टी अशी वाजत होती की छातीतला ठोका तिच्या मर्जीनं पडावा. मांडवात शिरलो तसं दोन बायांनी मला धरून दोन्ही गालांना हळद फासली. शेठही आले होते, पुण्याच्या पार्टीसह. माझ्या डोळ्यांदेखत शेठच्या सफेद सफारीवर चार हात पडले आणि ते कोडं कायमचं निकालात निघालं.

दादाच्या बायकोनं, जनावहिनींनी, मला बाजूला ओढलं. हातात परात, कपाळाला घाम.

"भावजी, तुमच्या कारखान्यान हलद करता का डांबर? ह्या मानसाला मी दोन साबन झिजवले. उद्या लगीन हाय, जरा मानसान दिसल बोल्ली. पन पिवला जातच नाय. न् लाल पन होत नाय."

मी हसलो. हसता हसता ते हसू तोंडातच राहिलं.

"लाल होत नाही?"

"नाय ना. घासला तरी पानी जसाच्या तसा."

"दादा जेवतोय का?"

"कशाचा जेवतोय! आठवडा झाला, मटनाचा वास येतो बोलून पदर लावून बसतोय नाकाला. माजा पदर!"

स्वतःच्या पोरीच्या हळदीत, दारात मटणाचे टोप शिजत असताना आगरी माणूस नाकाला पदर लावून बसलाय! ही आजारपणाची एवढी मोठी खूण आहे की ती वैद्यकाच्या पुस्तकात पहिल्या पानावर हवी.

मी दादाला शोधलं. मांडवातले दिवे पिवळे, माणसं पिवळी, त्यात तोही पिवळा. काही कळेना. त्याला हाताला धरून न्हाणीघरात नेलं, तिथं पांढरी ट्यूबलाइट होती. दार लावलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची पापणी खाली ओढली. आत पांढरं काही नव्हतंच.

"दादा, लघवी कशी होते?"

"लगनात इचाराची गोष्ट हाय का ही?"

"सांग ना!"

"कोऱ्या चायसारखी. पानी कमी पितो मी."

"चल. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला. तुला कावीळ झालीय."

"सायेब, हलद लागलेय. आज समद्यांना लागलेय. आरशान बघ, तू पन पिवला हास."

"माझी धुतली की जाईल! तुझी आतून आलीय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. चेष्टा संपली होती. "मी हॉस्पिटलान गेलो तर सोडतील का उद्या? नाय सोडनार. थोरलीचा लगीन मोबाइलवर बघलाय मी. आता मरलो तरी मांडवान मरन." आणि मग जरा समजावणीच्या सुरात, "तुजी गोली हाय ना. आज तीन जास्तीच्या घेतल्यान."

मी त्याचे दोन्ही खांदे धरले. म्हटलं, "दादा, गोळीनंच झालंय. मला खात्री नाही, पण मला वाटतं गोळीनंच. हळदीला आत सोडायला मी तुझ्या लिव्हरला झोपवलं. ती गोळी माझी आहे आणि मला तिच्यातलं काहीसुद्धा कळत नाही."

दारावर थापा पडल्या. बाहेर शेठ आणि जनावहिनी. शेठनी माझं वाक्य ऐकलं होतं. दबक्या आवाजात म्हणाले, "जाधव, हळू बोल. पार्टी बाहेर आहे. उद्या लग्न होऊ दे, मग बघू." मी दादाला ट्यूबलाइटखाली सरकवलं. शेठनी चष्मा वर करून त्याचे डोळे बघितले. कारखाना चालू झाला त्या दिवशी पहिली टाकी या माणसानं भरली होती. शेठचा चेहरा बदलला. पार्टी, ऑर्डर, ढाल-तलवार, सगळं त्यावरून उतरलं. "ड्रायव्हर जेवायला बसला असेल," ते म्हणाले. "मी चालवतो. चला."

दादा हलेना. शेवटी जनावहिनींनी परात खाली ठेवली. "थोरलीचा लगीन मोबाइलवर बघलास. धाकटीचा सोरगातून बघाचा हाय काय? चल बोल्ली ना!"

मागून रूपाली आली, अंगभर हळद, हिरवा चुडा. तिनं फक्त बापाच्या चपला आणून पायाशी ठेवल्या. त्यानं घातल्या.

निघालो तेव्हा पुण्याच्या पार्टीला पोरांनी बेंजोसमोर नाचायला ओढलं होतं. कानातलं एक बोंड पडलं होतं, दुसरं लोंबत होतं. त्यांना सांगायला कुणाला सुचलंच नाही.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आम्ही पाच जण शिरलो: दादा, जनावहिनी, नवरी, शेठ आणि मी. पाचही जण डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. ड्यूटीवरची सिस्टर उभीच राहिली.

"कावीळ झालीय," मी म्हटलं.

"सगळ्यांना?"

"नाही, एकालाच."

"कुठल्या?"

धावपळीनं माझा श्वास फुलला होता, सर्दीनं डोळे सुजले होते, घाबरून ओठ पांढरे पडले होते. सिस्टरनी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं आणि मला पलंगावर आडवं केलं. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यात टॉर्च. दादा शेजारच्या स्टुलावर बसून म्हणाला, "बरा केलात शिस्टर. त्याला कालपासून शिंका येतान."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी फक्त टॉर्च घेतला आणि ओळीनं एकेकाची पापणी ओढली. "हे ठीक. या ठीक. ही ठीक. हे ठीक." दादापाशी थांबल्या. "हे."

मग विचारलं, "काय औषध घेत होते?"

पार्टीला दाखवायला आणलेली बाटली माझ्या खिशात होती. ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ढाल-तलवारीवाल्या हळकुंडाकडे बराच वेळ बघितलं. "हे यांना कुणी दिलं?"

शेठ छताकडे बघायला लागले. मी शाळेत करतात तसा हात वर केला.

"तुम्ही डॉक्टर?"

"बीएस्सी."

बाटली बाजूला ठेवून त्या दादाकडे वळल्या. मला काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दादाला भरती केलं, रक्त घेतलं. लिव्हरला चांगलीच सूज होती. इतर काविळींच्या तपासण्या मागाहून स्वच्छ आल्या, उरली ती ढाल-तलवार. "आणखी आठवडाभर घेतल्या असत्या तर मी काही सांगू शकले नसते," एवढंच बाई म्हणाल्या.

दादाला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. "म्याडम, उद्या पोरीचा लगीन." त्यानं हे इतक्यांदा म्हटलं की शेवटी बाई म्हणाल्या, सकाळचे रिपोर्ट बघू. सकाळचे रिपोर्ट बरे नव्हते, पण बिघडलेही नव्हते. बाईंनी दुपारचे काही तास दिले, अटींवर. खुर्चीतून उठायचं नाही. हातातली सुई तशीच राहील. साध्या पाण्याशिवाय आणि हॉस्पिटलनं दिलेल्या पेजेशिवाय तोंडात काही जाणार नाही. आणि सतत एक जबाबदार माणूस शेजारी.

"जबाबदार कोण?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंना ती शिक्षा पटली असावी.

लग्नात मी दादाच्या खुर्चीमागं पेजेचा डबा घेऊन उभा होतो. नवऱ्याकडच्यांना वाटलं, भोईरांनी बॉडीगार्ड ठेवलाय. दर थोड्या वेळानं कुणीतरी पेढा घेऊन यायचं आणि मी तो दादाच्या ओठांपासून अर्ध्या वाटेत अडवून, परत पाठवणं बरं दिसत नाही म्हणून, स्वतः खायचो. नवऱ्याचा मामा सारखा खोकत होता. खोकत खोकतच त्यानं येऊन दादाचे दोन्ही हात हातात घेतले. दादानं सोडवले नाहीत.

मग भटजींनी हाक मारली. दोघांनी खुर्ची उचलून पुढं ठेवली. दादानं सुई लावलेल्या हातानं रूपालीचा हात धरला आणि नवऱ्याच्या हातात दिला. बेंजोवाला थांबला होता. दादा रडला. मी रुमाल पुढं केला. तो अर्थातच पिवळा होता.

दादाचे डोळे पांढरे व्हायला बरेच आठवडे लागले. जनावहिनी रोज सकाळी उजेडात त्याची पापणी ओढून बघायच्या आणि मला फोनवर बुलेटिन द्यायच्या. शेठनी हळदवीर बंद केला. उरलेल्या सगळ्या कॅप्सूल फोडून नष्ट केल्या, आणि मिरीचे ढेकर आठवडाभर नुसते हवेतून आले. शेठ म्हणाले, "जाधव, आपण रंगवालेच बरे. लोणचं पिवळं झालं की कुणी मरत नाय." पार्टीनं पुन्हा फोन केला नाही. हळदीच्या दिवशी ते किती वाजेपर्यंत नाचले, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

सरिताला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती म्हणाली, "बशीतला विषाणू अजूनही मरतो, विलास. ते खोटं नाही. माझ्यासारखी कितीतरी माणसं बशीपासून माणसापर्यंतचा रस्ता पायी चालतायत. कुणी हळदीचं रूप बदलून बघतंय, कुणी नाकात फवारून. काही निघेल, काही नाही निघणार. तू रिक्षा केलीस, एवढंच." मला अजून वाटतं की त्या ओंजळभर स्फटिकांत काहीतरी आहे. पण ते कुणाला, किती आणि कसं द्यायचं हे ठरवणाऱ्यांत मी नसावं, हे मला आता पक्कं कळलंय.

मध्यंतरी दादाकडे जेवायला गेलो होतो. आता तो मटण पूर्ववत खातो. हॉलमध्ये लग्नाचा मोठा फोटो लावलाय. फोटोग्राफर पोरगा कसबी. नवरीचा बाप पिवळाजर्द दिसतोय म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर फोटोतला पिवळेपणाच काढून टाकला. त्यामुळं बाळादादा अगदी गुलाबी, धडधाकट दिसतो. बाकीची सगळी मंडळी, नवरा, नवरी, भटजी, वहिनी, निळसर जांभळी पडलीत. खुर्चीमागं पेजेचा डबा घेऊन उभा असलेला मी सगळ्यात जांभळा.

आम्ही जेवत असताना रूपालीच्या सासरचे कुणी पाहुणे आले. फोटोपाशी थांबून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "हे कोण हो? फार आजारी होते काय?"

दादानं नळी चोखत मान डोलावली. "लय आजारी होता. लगनापुरता कसातरी उभा केलता त्याला."

वहिनींनी माझ्या ताटात आणखी एक वाटी रस्सा ओतला.